विहिणीला उचलायची तालीम

कडूबाईनं सगळं ठरवून टाकलं होतं. विहीणभेटीच्या वक्ताला आपण चक्कर येऊन पडायचं!

बेत असा पक्का की त्यात सुई शिरायला जागा नव्हती. लेकीच्या डोक्यावर अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, की विहिणींची भेट. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. दोघी एकमेकींना कुंकू लावणार, तोंडात साखर घालणार, गळ्यात पडणार आणि मग सगळ्या मांडवादेखत एक दुसरीला कमरेत धरून वर उचलणार! जिनं उचललं तिची बाजू वरचढ. मग हलगी, शिट्ट्या, मोबाईलचे कॅमेरे.

आणि विहीण कोण? सिल्लोडच्या साळूबाई! त्या दारातून आत आल्या की घरात संध्याकाळ व्हायची. साखरपुड्यातच दंडावरचा पदर सारून म्हणाल्या होत्या, "विहीणबाई, लग्नात तयारीनं या. म्या तुम्हाला गव्हाच्या पोत्यावानी उचलणार हाय!" सगळे खो खो हसले. कडूबाई तेवढी ओठ आवळून बसली.

म्हणून पडेगावच्या घरात, भर दुपारी, स्वयंपाकघरात गोधडी अंथरून कडूबाईची पडायची तालीम चालली होती. डाव्या कुशीवर पडली तर कोपर आपटलं. उजव्या कुशीवर पडली तर डब्यांची उतरंड गडगडली. आता उताणं पडून बघावं म्हणून तिनं डोळे मिटले, तेवढ्यात दारात नवरी उभी. रूपा! वाळूजच्या कंपनीत माल तपासायची नोकरी करायची. तिच्या नजरेतून खोट सुटणं अवघड.

"आई, काय करायलीस?"

"पडून बघायले."

"कशाला?"

"तुह्या लग्नात पडायचंय!"

रूपानं डबे उचलले, आईला उठवलं, पाण्याचा तांब्या पुढं केला. कडूबाईनं पाणी नको म्हटलं. ती कधीच पाणी नीट प्यायची नाही. रूपा समोर मांडी घालून बसली आणि खोदू लागली. विहीर खोदणाऱ्याला खडक लागतो तशी आधी "काय नाय, काय नाय" लागली. मग "लोक काय म्हणतील" लागलं. शेवटी झरा लागला.

"उचललं की सुटतं ग बाई."

"काय सुटतं?"

"पाणी. शिंकलं की सुटतं. खोकलं की सुटतं. हसलं की तर इचारूच नको!"

लघवी सुटते. स्पष्टच लिहितो, कारण बायांच्या पिढ्यान् पिढ्या हा शब्द गिळून मेल्या. कडूबाई पोरसवदा होती तेव्हा हसली की लिंबावरची पाखरं उडायची. लेकरं झाली, प्रत्येक बाळंतपणानंतर ओल्या अंगानं शेतात गेली, डोक्यावर कापसाची गाठोडी वाहिली, आणि एक दिवस हसता हसता लुगडं भिजलं. त्या दिवसापासून ती हसायचीच थांबली. पदर तोंडाला, मांडीवर मांडी, नजर खाली. लोक म्हणाले, "कडूबाई कशी पोक्त! कशी सोज्वळ!" सोज्वळ कसली डोंबलाची! बिचारी धरून बसलेली असायची! आणि आपण त्याला संस्कार म्हणत होतो. थू आपल्या जिंदगानीवर!

"वय झालं, व्हायचंच," कडूबाई म्हणाली.

"वय सगळ्यांचंच होतं. उद्या माझ्यासोबत चल."

रूपानं तिला शहरात उस्मानपुऱ्यातल्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नेलं. भिंतीवर कबड्डीपटूचा मोठा फोटो. गुडघ्याला पट्टा, मांड्या अशा की वाटावं आता फोटोतून उडी मारून पाय धरतो. कडूबाई पदर सावरून म्हणाली, "रूपे, ही तालीम हाय!" तेवढ्यात आतून डॉक्टर प्रेरणा आल्या. रूपाच्याच वयाच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नाक मुरडलं नाही, हसल्या नाहीत, "चालायचंच" तर मुळीच म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, ह्याला इलाज आहे."

कडूबाईला वाटलं, आपल्या कानात काहीतरी गेलं.

"इलाज? ह्याला?"

"व्हय. आणि बहुतेकींना गोळी नाही, ऑपरेशन नाही, आधी व्यायाम."

डॉक्टरांनी टेबलावर हाडांचा एक कटोरा ठेवला. कमरेचा सांगाडा. त्याच्या तळाशी लाल स्नायूंचं जाळं ताणून बसवलेलं, पुढच्या हाडापासून पार माकडहाडापर्यंत.

"ह्याला ओटीपोटाचा तळ म्हणायचं. ही लघवीची पिशवी, हे गर्भाशय, हे आतडं. ह्या सगळ्यांना खालून धरून कोण आहे? हा."

कडूबाई बघतच राहिली. शेतात लिंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून तिनं लेकरं निजवली होती. हुबेहूब तशी झोळी! आपल्याच अंगात! जन्मल्यापासून बांधलेली! तिनं भीत भीत बोट लावलं. ह्या एवढ्याशा पडद्यानं चार लेकरांचं ओझं तोललं? डोक्यावर गाठोडं होतं तेव्हा खाली ही उभी होती? इतकी वर्षं उठता-बसता, दळता-कांडता हिनं हूं की चूं केलं नाही?

"माय माय माय," तिच्या तोंडातून निघालं. भद्रा मारुतीच्या पुढं हात जोडताना जसा आवाज निघायचा तसा.

"ओटी कितीदा भरली तुमची?" डॉक्टरांनी विचारलं.

"लई येळा. नारळानं, तांदळानं, खणानं."

"आणि ओटीला खालून धरून बसलेल्याची विचारपूस?"

कडूबाईचे डोळे भरून आले. आपण नदीची ओटी भरतो, देवीची भरतो. घराण्याला वारस किती झाले ते बोटांवर सांगतो. पण ज्या झोळीतून ते आले तिच्या गाठी ढिल्या पडल्या का, हे विचारायला एकाचीही जीभ वळली नाही!

डॉक्टरांनी आधी परवानगी विचारली, मग पडदा ओढून तपासलं. कडूबाई छताच्या पंख्याकडं बघत राहिली. "आता लघवी आणि वारा, दोन्ही अडवल्यासारखं आत उचला."

कडूबाईनं सगळा जीव लावला. भुवया वर गेल्या. खांदे वर गेले. पायाची बोटं आवळली, दात आवळले, श्वास कोंडला, चेहरा गाजरासारखा झाला.

"मावशी! तळ उचलायचाय, भुवया नाही! श्वास चालू ठेवा. कुल्ले सैल सोडा. हां... आता हळूच सोडा. उचलणं जेवढं महत्त्वाचं तेवढंच सोडणं."

मग कुठंतरी खोल, अगदी खोल, काहीतरी हललं. जणू बंद पडलेल्या घरात कुणीतरी दिवा लावला. "हाय!" कडूबाई ओरडली, "हाय ती! जित्ती हाय!"

डॉक्टर हसल्या. मग एकेक सांगत गेल्या. पाणी तोडायचं नाही, लघवी घट्ट होऊन उलट टोचते. घरातून निघताना उगाच जाऊन यायची सवय मोडायची. शौचाला कुंथायचं नाही. जड उचलताना आधी तळ उचलायचा, श्वास सोडत मग वजन. तळ सावरला की कमरेला आधार मिळतो, माणूस चालायला लागतं, प्रवासाला भीत नाही. "आणि एक सांगा मावशी, ह्यातून तुम्हाला काय मिळवायचंय?"

कडूबाईनं इकडंतिकडं पाहिलं. "मला रूपाच्या लग्नात पोट धरून हसायचंय. कोरडं राहून."

"काही महिने लागतील. नेमानं करा. पण विहीणबाईंना उचलू नका हं, त्या केवढ्या आहेत?"

"कापसाच्या ट्रकाएवढ्या."

"मग मुळीच नाही!"

घरी येऊन कडूबाई कामाला लागली. काय तो व्यायाम! भाकरी थापताना करावा, दूध तापताना करावा, मयतीला बसल्या जागी करावा, कुणाला पत्ता नाही! सासूसमोर बसून करता येणारा जगातला हा एकमेव व्यायाम! हळूहळू शिंक येऊन जायला लागली आणि कडूबाई जागच्या जागी उभी राहायला लागली. एकदा शिंकल्यावर तिनं आभाळाकडं बघून हात जोडले. सासू म्हणाली, "काय झालं ग?" कडूबाई म्हणाली, "शिंक आली, आत्याबाई!" सासूला कळेना, शिंकेत नमस्कार करण्यासारखं काय असतं!

सगळं असं सुरळीत चाललं होतं. मग चंपाबाई आडवी आली.

चंपाबाई ही शेजारीण. तिच्या गुडघ्याला त्याच दवाखान्यात शेक द्यायचे. तिनं कडूबाईला पाहिलं आणि पडेगावात शिरायच्या आधीच तिचं तोंड सुरू झालं. संध्याकाळी कडूबाईचा नवरा साहेबराव बशीत चहा ओतून विचारता झाला, "का ग, त्या पैलवानाच्या दवाखान्यात तुझं काय काम?"

साहेबराव म्हणजे मिशीला पीळ देऊन बोलणारा गडी. मोटारसायकलीवर पाचोडच्या बाजाराला निघाला की रस्त्यातल्या प्रत्येक लिंबाखाली थांबायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "इंजिन तापतं. गार करतो." त्याच्यापुढं ही गोष्ट काढायची? माणूस लाजेपायी जेवढं खोटं बोलतं तेवढं चोरीपायीसुद्धा बोलत नाही!

"ताकद करायला जाते," ती म्हणाली.

"कशाला?"

"विहीणबाईला उचलायचंय!"

साहेबरावाच्या हातातली बशी तशीच राहिली. मिशी थरथरली. छाती फुगली. "वा रे माझी वाघीण!"

झालं! चहाची टपरी, सोसायटी, पिठाची गिरणी, सगळीकडं एकच बातमी. साहेबरावानं सरळ सिल्लोडला व्याह्यांना फोन लावला. बद्रीनाथ व्याही कापसाचे व्यापारी. नुसत्या नजरेनं गाठोड्याचं वजन सांगणारा माणूस.

"व्याही, विहीणबाईला सांभाळा! आमच्या घरची तालीम सुरू हाय!"

"अस्सं? मग आमच्यात काय बांगड्या भरल्यात का? आजपासून म्हशीचं दूध आन् डिंकाचे लाडू सुरू!"

"ज्याची बायको हवेत जाईल त्या व्याह्यानं पंगतीत पाणी वाढायचं! हाय कबूल?"

"कबूल! दोघी जमिनीवरच राहिल्या तर दोघांनी वाढायचं!"

कडूबाईनं भिंतीला पाठ टेकली. आता चक्कर येऊन पडायचीही सोय उरली नव्हती. पडली तर म्हणणार, भ्याली! रूपाला तिनं सगळं सांगितलं.

"आई, बाबांना खरं सांगून टाक की."

"आन् ते टपरीवर सांगतील! त्यापरीस मी ट्रक उचलते!"

वैशाखात लग्न लागलं. दौलताबाद रोडवरचं मंगल कार्यालय खच्चून भरलेलं. येसर आमटीचा वास सुटलेला. माइकवर नानासाहेब. ह्या माणसाला माइक दिला की तो नवरदेवाच्या आत्याच्या चुलतदिराचंही स्वागत केल्याशिवाय सोडत नाही. अक्षता पडल्या आणि त्यांचा आवाज चढला.

"मंडळी! जेवायला कुणी उठू नका! आता होणार आहे ऐतिहासिक विहीणभेट! लाल शालूत पडेगावच्या कडूबाई! हिरव्या शालूत सिल्लोडच्या साळूबाई!"

हलगी कडाडली. पोरं खुर्च्यांवर चढली. साहेबराव एका बाजूनं, बद्रीनाथ दुसऱ्या बाजूनं, दोघंही आपापल्या बायकोला असे डोळे दाखवत होते की जणू सातबारा पणाला लागलाय. दोघींनी कुंकू लावलं. साखर भरवली. एकमेकींना हिमरू शाल पांघरली. आणि मग साळूबाईंनी मिठी मारली.

कडूबाईच्या डोळ्यांपुढं अंधार झाला. त्या अंधारात डिंकाच्या लाडवाचा वास होता. तिनं श्वास सोडला. तळ उचलला. झोळी ताठ झाली. तिला जाणवलं, पायाखाली फरशी आहे आणि अंगात दुसरी जमीन आहे, आणि दोन्ही पक्क्या आहेत. ती थक्क झाली. आज ह्या बाईनं उचललं तरी आपण सुटणार नाही!

पण साळूबाईंनी उचललंच नाही. उलट कडूबाईच्या कानाशी गरम श्वास आला.

"विहीणबाई, पाया पडते. मला उचलू नका."

"आं?"

"मला... आवरत नाय हो. उचललं की सुटतं. कालधरनं पाण्याचा घोट घेतला नाय म्या."

हा डोंगर! हा सगळ्या सिल्लोडला हलवणारा डोंगर, आणि त्याच्याही पोटात तीच भीती! दंडावरचा पदर सारून ही बाई गर्जायची ती कशासाठी, तर कुणी आपल्याला हात घालू नये म्हणून! एकीनं ओठ आवळून लपवलं, दुसरीनं गर्जून लपवलं. ह्या मांडवात अशा अजून किती असतील? त्या कोपऱ्यातली, लग्नाला येऊनही पाणी न पिणारी? ती दाराजवळची, सारखी उठून जाणारी?

"विहीणबाई, म्या बी त्यातलीच."

"काय सांगता!"

"आईच्यान! ती तालीम दवाखान्यातली हाय, पोट खालून धरणाऱ्या झोळीची. कुस्तीची नाय."

साळूबाईंनी मान वर केली. "आन् म्या तुमच्या भ्यानं लाडू खाल्ले?"

"उचला! उचला!" साहेबराव ओरडला.

"मांडव वाट पाहतोय, मंडळी!" नानासाहेब माइकमध्ये घुसले. "दोन्ही मल्ल, माफ करा, दोन्ही विहिणी पकडीत आहेत! डाव अजून सुटलेला नाही!"

डाव अजून सुटलेला नाही! हे ऐकलं आणि कडूबाईच्या पोटात काहीतरी उसळलं. तिनं ओठ आवळले. सवयच ती! मग तिला आठवलं, ओठांचं काम आता दुसरं कुणीतरी करतंय. तिनं ओठ सोडून दिले.

कडूबाई हसली! आधी खुदकन, मग खळाळून, मग पोट धरून, मान मागं टाकून! कार्यालयाच्या पत्र्यावरची कबुतरं फडफडून उडाली! रूपा बोहल्यावरून बघत राहिली. तिनं जन्मात आईचे दात एवढे कधी पाहिले नव्हते. कडूबाईची सासू म्हणाली, "ह्या बाईला काय झालं?" कडूबाई हसत होती, हसत होती, आणि एका क्षणी ती थबकली. अंदाज घेतला. कोरडं! पुन्हा हसली. कोरडं! खडखडीत, वैशाखातल्या नाल्यासारखं कोरडं! तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. अंगातलं सगळं पाणी आता फक्त तिथूनच वाहत होतं.

"मला बी हसवू नका हो," साळूबाई कळवळल्या, "माझी झोळी अजून ढिली हाय!"

"श्वास सोडा. आत उचला. सोमवारी तुम्हाला दवाखान्यात नेते. आता नुस्त्या रडा माझ्या गळ्यात पडून. रडणाऱ्या विहिणींना कुणी उचल म्हणत नाय!"

साळूबाईंनी असा गळा काढला की हलगीवाला गहिवरून थांबला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. नानासाहेबांचाही आवाज चिरकला. "मंडळी, माया! याला म्हणतात माया! डाव बरोबरीत! ठरल्याप्रमाणं दोन्ही व्याह्यांनी पंगतीत पाणी वाढायचं!"

साहेबरावाचा चेहरा उतरला, पण शब्द तो शब्द. फेटा सावरून त्यानं पाण्याचा जग उचलला. पंगत बसलेली. पहिल्या पानापाशी त्यानं पेल्यात धार धरली. चळ्ळऽऽ! साहेबरावानं एक पाय दुसऱ्यावर टाकला. पुढचं पान. चळ्ळऽऽ! त्याच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्या पानाशी तो जागच्या जागी नाचायला लागला. पाहुण्यांना वाटलं, लेकीच्या लग्नाचा आनंद! एकानं शिट्टीसुद्धा मारली. चौथ्या पानावर पाण्याची धार पाहुण्याच्या आमटीत गेली. साहेबरावानं जग बद्रीनाथांच्या हातात कोंबला आणि धोतर सावरत बाहेरच्या लिंबाकडं धूम ठोकली.

"व्याही! कुठं पळता?"

"इंजिन तापलं!"

कडूबाई पंगतीच्या टोकाशी तूप वाढत होती. तिचा हात हवेतच थांबला. पाचोडच्या रस्त्यावरचे सगळे लिंब तिच्या डोळ्यांपुढून एका रांगेत गेले. इतकी वर्षं हा गडी मिशीला पीळ देत होता, आणि आत हेच!

लिंबाजवळून साहेबराव ओशाळून परत येत होता. धोतराच्या पुढच्या निऱ्या त्यानं दोन्ही हातांनी झाकल्या होत्या.

"जगातलं पाणी सांडलं," तो म्हणाला.

"जग तर व्याह्यांकडं हाय," कडूबाई म्हणाली. आणि वर्षानुवर्षं जी गोष्ट तिच्या जिभेवरून उतरत नव्हती, ती तिनं भर दुपारी, लिंबाखाली, नवऱ्याच्या तोंडावर सांगून टाकली. एकूण एक. झोळीसकट. "ती बाप्यालाबी असती. डॉक्टरीणबाईनं सांगितलंय."

साहेबरावानं आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. मग हळूच म्हणाला, "टपरीवर सांगशील का?"

सोमवारी उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यात तिघं रांगेनं बसली होती. कडूबाई, साळूबाई, आणि कबड्डीपटूच्या फोटोखाली तोंडावर उपरणं ओढून साहेबराव. डॉक्टर प्रेरणांनी आतून हाक मारली, साहेबराव उठला, आणि नेमकी त्याच वेळी दारातून गुडघा धरत चंपाबाई आत आली.

"अगंबाई! भावजी, तुम्ही? ह्या दवाखान्यात?"

साहेबरावानं उपरणं काढलं. मिशीला पीळ दिला. छाती फुगवली.

"व्याह्याला उचलायचंय!"